आतड्याचा जोड लीक झाल्यावर दुर्बिणीतून काय करता येतं आणि काय नाही

तुमचा प्रश्न नीट वाचला, इतरांना कळावं म्हणून थोडक्यात लिहिते. वडील ६३ वर्षांचे, राहायला धनकवडीला, गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जोड खूप खाली आहे म्हणून सर्जननी त्याच वेळी पोटावर पिशवी पण काढून ठेवली, म्हणजे जोडाच्या वरचं आतडं पोटावर आणून शी तिथूनच पिशवीत जाईल अशी सोय केली. सहाव्या दिवशी ताप आला, सीटीत जोडाच्या मागे सहा सेंटीमीटरचा पू भरलेला कप्पा दिसला, आणि आता सर्जन म्हणतायत की दुर्बिणीतून स्पंज ठेवू, दर दोन-तीन दिवसांनी बदलू. निगडीचे काका म्हणतात, असले प्रयोग कशाला, पोट उघडून एकदाचं नीट शिवून घ्या. आणि शेवटी तुम्ही मावसबहिणीचं विचारलंय, तिचं क्रोन्सचं (आतड्याला वारंवार सूज येणाऱ्या जुनाट आजाराचं) ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालंय आणि आता जोड अरुंद झालाय.

मी गेली वीसेक वर्षं पुण्यात एन्डोस्कोपी करतेय, त्यातला बराच वेळ सर्जन लोकांच्या बरोबरीने अशाच पेशंटवर गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे लॅप्रोस्कोपीलाही दुर्बीण म्हणतात आणि एन्डोस्कोपीलाही दुर्बीणच म्हणतात. त्यामुळे "पुन्हा दुर्बिणीतून करू" असं ऐकलं की घरच्यांना वाटतं परत पोटाला भोकं पाडून ऑपरेशन, आणि अर्धी भांडणं तिथेच सुरू होतात. वडिलांचं पहिलं ऑपरेशन ज्या दुर्बिणीने झालं ती पोटाच्या भिंतीतून आत गेली होती. आता जी जाणार ती शौचाच्या वाटेने, आतड्याच्या आतून, हिलाच आम्ही स्कोप म्हणतो. पोटावर नवीन चिरा नाही, बहुतेक वेळा पूर्ण भूलही नाही, झोपेचं इंजेक्शन पुरतं. काकांना एवढं जरी समजावलंत तरी घरातलं वातावरण बदलेल.

आता लीक म्हणजे काय. कॅन्सरचा भाग काढला की वरचं आतडं खाली आणून स्टेपलरने जोडतात. हा जोड पहिले काही दिवस नुसत्या पिनांच्या जोरावर उभा असतो, शरीर स्वतःची वीण घालायला वेळ घेतं, आणि साधारण पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे तुमच्या वडिलांचं झालं त्याच काळात, कच्चा राहिलेला भाग उघडा पडतो. जोड जितका गुदद्वाराच्या जवळ तितकी ही भीती जास्त, कारण तिथे रक्तपुरवठाही बेताचा आणि ताणही जास्त. त्यात आधी रेडिएशन झालं असेल, शुगर असेल, अंगात प्रोटीन कमी असेल, तंबाखू किंवा मिश्री चालू असेल तर आणखी. मिश्रीचं मुद्दाम लिहिते कारण "व्यसन आहे का" विचारलं की लोक नाही म्हणतात, मिश्रीला कुणी व्यसन धरतच नाही, पण निकोटीन तिथूनही जातंच आणि जोडाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतंच.

सर्जनचा हात चुकला म्हणून लीक झाला असं लगेच धरू नका. उत्तम हातांच्या सर्जनकडेही खालचे जोड लीक होतात, म्हणून तर त्यांनी पिशवी आधीच काढून ठेवली. पिशवीने लीक पूर्ण टळत नाही, पण झालाच तर त्या भोकातून शी वाहत नाही आणि माणूस जिवावर बेतण्यापासून वाचतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्या पिशवीने तिचं काम केलंय.

आता खरा निर्णय. २०१० साली गुदाशयाच्या ऑपरेशननंतरच्या लीकसाठी एक आंतरराष्ट्रीय वर्गवारी ठरली, ए, बी, सी अशी. ए म्हणजे काहीच वेगळं करावं लागत नाही, बी म्हणजे उपचार लागतो पण पोट पुन्हा उघडावं लागत नाही, सी म्हणजे पुन्हा ऑपरेशन. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून वडील बी मध्ये वाटतात. पण मी पेशंट बघितलेला नाही, त्यामुळे हे सर्जनकडून पक्कं करून घ्या, आणि नेमके हे प्रश्न विचारा: बीपी औषधांशिवाय टिकतंय का, नाडी किती, लघवी पुरेशी होतेय का, पोट हाताला मऊ लागतंय की फळीसारखं कडक, आणि सीटीत पू एका कप्प्यात अडकलाय की पोटभर पसरलाय. पोट कडक, पू सगळीकडे, बीपी पडतंय, असं असेल तर स्पंज-बिंज विसरा, तो पेशंट थिएटरमध्येच गेला पाहिजे आणि तासाभराचाही उशीर नको. दुसरी गोष्ट आम्ही आत गेल्यावर बघतो ती रंग. जोडाच्या वरचं आतडं आतून गुलाबी, ओलसर, हात लागला की थोडं रक्त दाखवणारं असेल तर त्यात जीव आहे. जांभळं-काळपट, कोरडं दिसलं तर रक्तपुरवठाच गेलाय, त्यावर दुर्बिणीचा उपाय नाही. आणि जोड अर्ध्याहून जास्त घेराने सुटला असेल तरी मी सर्जनला आत बोलावून स्क्रीन दाखवते, मग पुढचं ठरतं.

काकांच्या मुद्द्याला उत्तर देते, कारण तो चुकीच्या भावनेने आलेला नाही. भोक आहे तर शिवा, हे कुणालाही पटेल. पण सहाव्या-सातव्या दिवशी पुवात भिजलेलं, सुजलेलं आतडं टाका धरतच नाही, भिजलेल्या पुठ्ठ्यात सुई घालावी तसं होतं, टाका घट्ट केला की कापत निघून येतो. म्हणून अशा वेळी पोट उघडलं तरी सर्जन बहुतेक वेळा पू धुऊन ड्रेन, म्हणजे पू बाहेर काढणारी नळी, ठेवतात, किंवा जोडच काढून टाकून कायमची पिशवी देतात. वडिलांचा जोड वाचवायचा असेल आणि तब्येत स्थिर असेल तर आतून जाणं हाच रस्ता आहे.

एक गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलेय. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक पेशंट आले होते, जोडात छोटंसं, जेमतेम सेंटीमीटरभर भोक. मी मोठी क्लिप लावून ते व्यवस्थित बंद केलं, स्क्रीनवर इतकं सुरेख दिसत होतं. दुसऱ्या रात्री त्यांना थंडी वाजून ताप भरला, कारण भोकामागचा पू मी आत कोंडला होता. क्लिप काढावी लागली, त्यांचे आणखी तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये गेले. तेव्हापासून मी भोकाकडे नंतर बघते, आधी बघते त्याच्या मागे काय साठलंय, आणि ते बाहेर यायला वाट मिळाल्याशिवाय काही बुजवत नाही.

स्पंज नेमकं हेच करतो. हा पॉलियुरेथेनचा, उघड्या छिद्रांचा स्पंज असतो, हाताला भांडी घासायच्या स्पंजपेक्षा थोडा चरबरीत. स्कोप भोकातून पलीकडच्या कप्प्यात नेऊन आधी सगळं सलाईनने धुतो, घाण काढतो, कप्पा किती खोल ते मोजतो, आणि त्या मापापेक्षा थोडा लहान स्पंज कापून आत बसवतो. त्याला एक नळी जोडलेली असते, ती गुदद्वारातून बाहेर येते आणि व्हॅक्यूमला लागते, यंत्र असेल तर साधारण १२५ मिलिमीटरचा दाब, किंवा तयार व्हॅक्यूमची बाटली. यातून दोन गोष्टी होतात, पू सतत ओढला जातो आणि कप्प्याच्या भिंती स्पंजवर ओढल्या जाऊन आतून लाल दाणेदार मांस भरायला लागतं. मधुमेहाच्या पायाच्या जखमेला व्हॅक्यूम ड्रेसिंग केलेलं तुम्ही कुणाचं तरी पाहिलं असेल, तेच तत्त्व. गुदाशयाच्या लीकसाठी हे जर्मनीत, म्युनिकच्या एका गटाने नावारूपाला आणलं, २००८ मध्ये त्यांचे निकाल छापून आले, आणि आता जगभर रुळलंय.

दोन-तीन दिवसांनी बदलायचाच, ते टाळता येत नाही, कारण नवीन मांस स्पंजच्या छिद्रांत वाढत जातं आणि जास्त दिवस ठेवला तर काढताना रक्त येतं, तुकडाही आत राहू शकतो. काढण्याआधी व्हॅक्यूम बंद करून नळीतून सलाईन सोडायचं, थोडं थांबायचं, मग हळू सोडवायचा. कप्प्यात छोट्या आतड्याचं वेटोळं किंवा मोठी रक्तवाहिनी उघडी दिसत असेल तर स्पंज ठेवायचा नाही, ही गोष्ट दरवेळी बघावी लागते.

काही वर्षांपूर्वी पुरंदरकडचे एक अंजीरवाले शेतकरी होते, अगदी वडिलांसारखीच केस, आणि त्यांच्या चौथ्या स्पंजचा दिवस नेमका अनंत चतुर्दशीला आला. लक्ष्मी रोड, टिळक रोड सगळं बंद, टेक्निशियन म्हणाला मॅडम उद्या करू. पण आदल्या रात्रीपासून बाटलीत काही येत नव्हतं, म्हणजे स्पंज चोंदला होता, आणि उद्यापर्यंत थांबलो असतो तर परत पू साठला असता. मी स्वारगेटपासून चालत गेले, सिस्टरनी सगळं तयार ठेवलं होतं, आणि बाहेर ढोल वाजत असताना आम्ही स्पंज काढला. पहिल्या दिवशी त्या कप्प्यात स्कोप सात सेंटीमीटर आत गेला होता आणि सगळीकडे राखाडी-पिवळा थर होता. त्या दिवशी साडेतीन सेंटीमीटर भरलं, आणि आतून डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. त्यांना एकूण आठ स्पंज लागले. शेवटी दीड सेंटीमीटरचा खळगा राहिला तो तसाच सोडून दिला, महिन्याभरात भरून आला.

म्हणजे तुमच्या मनाची तयारी कशाची हवी, तर एका फटक्यात होणारं हे काम नाही. सहा, आठ, कधी दहा सिटिंग, दोन ते चार आठवडे. मधल्या काळात बसताना जड वाटतं, सारखं शीला लागल्यासारखं होतं, ते चालायचंच. सगळ्यांचंच भरतं असंही नाही, रेडिएशन झालेल्यांचं हळू भरतं, काहींना शेवटी ऑपरेशन लागतंच. पण एक मात्र मी ठामपणे सांगते, लवकर सुरू करा. ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू केलेल्यांचे निकाल चांगले येतात. तीन-चार महिने नुसत्या अँटिबायोटिकवर काढून मग आलेल्यांच्या कप्प्याच्या भिंती चामड्यासारख्या घट्ट झालेल्या असतात, त्या आवळूनच येत नाहीत. बाहेरून पाठवलेले असे पेशंट बघितले की फार वाईट वाटतं, कारण पहिल्याच महिन्यात कुणीतरी आत डोकावलं असतं तर बराच त्रास वाचला असता. ताज्या जोडात स्कोप घातला तर फाटेल ही भीती यामागे असते. हळू हाताने, हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून, गरजेपुरतंच फुगवून गेलं तर बघता येतं, आणि बघितल्याशिवाय ठरवणार कसं.

बाकीचे पर्याय तुम्ही नेटवर वाचले असतील. मोठी क्लिप, जी स्कोपच्या टोकावर बसते आणि सापळ्यासारखी मिटते, ती छोट्या, ताज्या, मऊ कडांच्या भोकाला छान, साधारण एक-दीड सेंटीमीटरपर्यंत, आणि मागे पू नसेल तरच. जुन्या फिस्तुलाच्या (आतड्यातून पडलेल्या चुकीच्या वाटेच्या) कडक कडांना ती धरत नाही, धरली तरी सुटते. कव्हर केलेला स्टेन्ट, म्हणजे आतून बसवायची जाळीची नळी, वरच्या जोडांना उपयोगी पडतो, पण घसरतो, आणि तुमच्या वडिलांसारखा जोड गुदद्वारापासून चार-पाच सेंटीमीटरवर असेल तर स्टेन्टचं टोक खाली टोचत राहतं, माणसाला बसवत नाही, मी तिथे टाळते. कप्प्याचं तोंड अगदी बारीक असेल तर दोन्ही टोकांना वळलेली प्लास्टिकची नळी भोकातून ठेवूनही पू आतड्यात उतरवता येतो. आणि कप्पा आतून हाताशी येत नसेल तर रेडिओलॉजिस्ट सीटीत बघून बाहेरून ड्रेन घालतात, त्यात कमीपणा काही नाही, कधी दोन्ही मिळून करावं लागतं.

जोडातून रक्त येणं हा वेगळा प्रकार, तो बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतो आणि बऱ्याचदा आपोआप थांबतो. नाही थांबला तर आत जाऊन क्लिप लावतो. तिथे डागणं मी टाळते, पिनांच्या रांगेजवळ उष्णता दिली तर आज रक्त थांबेल आणि चार दिवसांनी तिथेच भोक पडेल.

आता मावसबहीण. जोड अरुंद होणं हे महिन्या-वर्षांनी येतं. जेवल्यावर पोट फुगणं, गुडगुड, कळ येऊन मग मोकळं होणं, कधी उलटी. तिच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की ही नुसती जुन्या जखमेची वळी (आखडलेला वण) आहे की क्रोन्स परत जागा झालाय, कारण तो परत आला तर बहुतेक जोडाच्या जरा वरच्या बाजूलाच येतो. म्हणून तर ऑपरेशननंतर सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी करून बघायची असते. बेल्जियमच्या रुटगीर्ट्स यांनी १९९० मध्ये त्यासाठी शून्य ते चार असं मोजमाप दिलं, ते आम्ही आजही वापरतो. तिची ती तपासणी झाली होती का विचारा. आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी क्रोन्ससारखाच दिसतो, जागाही तीच, त्यामुळे तुकडा घेऊन तपासल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करायची घाई नको, टीबी असेल तर स्टेरॉइडने भडकेल.

अरुंद भाग छोटा असेल, चार-पाच सेंटीमीटरच्या आत, फार वाकडा नसेल, शेजारी पू किंवा फिस्तुला नसेल, तर फुग्याने उघडता येतो. बंद फुगा स्कोपमधून सरकवायचा, अरुंद जागेच्या मधोमध आणायचा, पाणी भरून टप्प्याटप्प्याने फुगवायचा, पंधरा मिलिमीटर, मग अठरा, जागा सैल होतेय असं वाटलं तरच वीस. पहिल्याच दिवशी वीसचा हट्ट धरायचा नाही, दोन-तीन आठवड्यांनी परत करता येतं. आतडं फाटायची जोखीम असते, क्रोन्समध्ये शंभरातल्या दोन-तीन वेळा गंभीर त्रास होतो, म्हणून नंतर काही तास थांबवून घेतो, आणि घरी गेल्यावर पोटात वाढत जाणारी कळ, खांद्यात दुखणं किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता यायचं. फुग्याने पुन्हा पुन्हा आवळत असेल तर बारीक सुरीने आतून वळी कापायची पद्धत आहे, अमेरिकेतले बो शेन यांनी त्यावर खूप काम केलंय, पण ती करणारा हात अनुभवी हवा.

वडिलांचाही जोड पुढे आवळू शकतो, पिशवीमुळे तिथून काही जातच नाही आणि लीक झालेली जागा भरताना आखडते. घाबरू नका, कधी तर पातळ पडदाच असतो, बोटाने किंवा स्कोपनेच उघडतो. फक्त कॅन्सरचं ऑपरेशन आहे म्हणून तिथला तुकडा तपासायला गेलाच पाहिजे.

तुम्ही विचारलंय पिशवी दिवाळीच्या आधी बंद होईल का. तारीख धरू नका. स्पंज संपले, कप्पा भरला, मग काही आठवडे जाऊ द्यायचे, मग खालून डाय घालून एक्सरे किंवा सीटी, आणि स्कोपने जोड प्रत्यक्ष बघणं, दोन्हीकडे सगळं ठीक असेल तरच बंद करायची. केमो द्यायची असेल तर तिचं वेळापत्रकही मध्ये येईल, म्हणून ऑन्कोलॉजिस्टला आत्ताच लीकबद्दल कळवा.

तोवर खाणं. पिशवी वर असल्याने बहुतेकांना तोंडाने जेवता येतं, सर्जनना विचारून अंडी, डाळीचं घट्ट वरण, पनीर, चालत असेल तर मासे, रोज मोजून. नुसत्या पेजेवर ठेवू नका, कप्पा भरायला प्रोटीन लागतं. पिशवीतून दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी जायला लागलं तर लगेच कळवा, आणि तहान लागली म्हणून साधं पाणी किंवा सरबत ओतत बसू नका, त्याने पिशवी आणखी वाहते, ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्ये कालवून घोट-घोट द्या.

पैशाचं पण बोलून घ्या. मेडिक्लेम असेल तर टीपीएला (विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीला) आत्ताच डॉक्टरांकडून लेखी कळवा की हे एकदाच नाही, आठ-दहा वेळा होणार आहे, नाहीतर तिसऱ्या स्पंजला मंजुरी अडकते. सरकारी योजनेतून करत असाल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी गाठा.

आणि आज रात्रीपासून एक वही करा. रोजचा ताप, नाडी, ड्रेनमध्ये किती आलं आणि कुठल्या रंगाचं, पिशवी किती भरली, सीआरपीचा (रक्तातल्या सूज-इन्फेक्शनच्या तपासणीचा) आकडा. सीआरपी आता दर दोन दिवसांनी उतरताना दिसला पाहिजे, १५०च्या वर अडकून राहिला तर स्पंज बसलाय की सरकलाय हे बघायला सांगा. दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण वडिलांना हलवायच्या आधी ती वही आणि सीटीची सीडी घेऊन तुम्ही एकटे जा, नुसता रिपोर्टचा कागद नको, कप्पा कुठे आहे ते आम्हाला फिल्मवरच कळतं.